एकाच सीपीयूवर घरातले तिघे

प्रश्न बेळगावातल्या वडगावच्या एका ताईंचा आहे. घरात यंत्रमाग, वर माडीवर एकच कॉम्प्युटर: चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम, साधी हार्डडिस्क, विंडोज १०. मुलगी इंजिनिअरिंगला, मुलगा दहावीला, आणि मागाचा हिशेब ताई स्वतः टॅलीवर लिहितात. संध्याकाळी जेवणाआधीच्या दोन-तीन तासांत तिघांनाही कॉम्प्युटर हवा असतो आणि रोज त्यावरून भांडण होतं. कपाटात ४ जीबी रॅमचा एक जुना लॅपटॉप पडून आहे, त्याची बॅटरी मेलेली. तीन कॉम्प्युटर घेणं परवडत नाही. एकावरच तिघांना एकाच वेळी काम करता येईल का, आणि त्यासाठी नेमकं काय विकत घ्यायचं?

येईल, ताई. तुमचा सीपीयू तिघांना पुरण्याइतका दणकट आहे. कुणी टाइप करत असतं, धडा वाचत असतं, व्हाउचर भरत असतं, तेव्हा चार कोअरचा तो प्रोसेसर बहुतेक वेळ नुसता वाट बघत बसलेला असतो. कमी पडतं ते दुसऱ्या माणसाला बसायला लागणारं सामान: वेगळा स्क्रीन, वेगळा कीबोर्ड-माउस, आणि ही जोडी त्याची, ती जोडी हिची, हे समजून घेणारी ऑपरेटिंग सिस्टीम. विंडोजवर तिघांची वेगळी खाती उघडणं म्हणजे हे नव्हे. तिथे एक जण बसला की दुसऱ्याने उठायचं, एवढीच सोय होते. भांडण तसंच राहतं.

विंडोजचा रस्ता आधी थोडक्यात सांगतो, कारण दुकानात गेलात तर पहिल्यांदा तोच सुचवतील. अ‍ॅस्टर नावाचं एक विकतचं सॉफ्टवेअर आहे. ते विंडोजवर दोन-तीन कीबोर्ड-माउस आणि स्क्रीन वेगवेगळ्या माणसांना वाटून देतं आणि चालतंही बरं. पण घरगुती विंडोजच्या परवान्यात एका वेळी एकाच माणसाने वापरायचं असं लिहिलेलं आहे. शाळांसाठी मायक्रोसॉफ्टनेच एका मशीनवर अनेकांना बसवणारा मल्टिपॉइंट सर्व्हर काढला होता, तो विंडोज सर्व्हर २०१६ मध्ये विंडोज सर्व्हरचाच एक भाग झाला आणि सर्व्हर २०१९ पासून काढून टाकला. रिमोट डेस्कटॉप म्हणजे दुसऱ्या मशीनवरून विंडोज उघडण्याची सोय. तिच्यावरचं एका वेळी एकाच माणसाचं कुलूप मोडणारी फुकटची पॅचेस इंटरनेटवर मिळतात. ती परवान्याच्या बाहेरची आहेत, शिवाय विंडोजचा अपडेट आला की बंद पडतात. हिशेबाच्या मशीनवर ती मी कधीच टाकू देणार नाही. त्यात तुमच्या विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, आणि विंडोज ११ ला इंटेलची किमान आठवी पिढी लागते. तुमचं मशीन चौथ्या पिढीचं. म्हणजे काही ना काही बदल तुम्हाला तसाही करायचाच आहे.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: मोठा सीपीयू लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमवर न्या आणि त्यावर मुलगी व मुलगा अशा दोन सीट करा. सीट म्हणजे स्वतःचा स्क्रीन, कीबोर्ड आणि माउस असलेली एका माणसाची जागा. टॅली जुन्या लॅपटॉपवर हलवा. त्याच लॅपटॉपवरून तुमचं बाकीचं काम मोठ्या सीपीयूवर करा. हे कसं जमवायचं ते सांगतो.

मात्र एक प्रश्न मुलीला आजच विचारा. ती कॉम्प्युटर सायन्सला किंवा इलेक्ट्रॉनिक्सला असेल तर लिनक्सवर तिचं अडणार नाही. सी, जावा, पायथन तिथे उलट सोपं पडतं. ती मेकॅनिकल किंवा सिव्हिलला असेल आणि ऑटोकॅडसारखं ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर रोज लागत असेल, तर पुढचं सगळं वाचूनही उपयोग नाही. ऑटोकॅड लिनक्सवर चालत नाही. तेव्हा तिच्यासाठी ऑफिसातून निघालेला एखादा वापरलेला डेस्कटॉप वेगळा घेणंच शहाणपणाचं, आणि खाली सांगतो ती दुसरी सीट मुलासाठी व तुमच्यासाठी करा.

आता मुख्य गोष्ट, ग्राफिक्स कार्ड. इथेच बहुतेकांचे पैसे वाया जातात. सीपीयूच्या मागे व्हीजीए आणि एचडीएमआय अशी दोन भोकं दिसतात, म्हणून लोक दुसरा स्क्रीन आणून जोडतात आणि झालं म्हणतात. पण ती दोन्ही भोकं एकाच ग्राफिक्सची, आणि लिनक्समध्ये सीट ठरते ती ग्राफिक्सवरून. एका ग्राफिक्सला दोन स्क्रीन लावले तरी ते दोन्ही एकाच माणसाचे राहतात. दुसऱ्या माणसाला दुसरं ग्राफिक्स कार्ड लागतंच. तुमच्या आय-फाइव्हमध्ये एक ग्राफिक्स आतच आहे, ते पहिल्या सीटला. दुसऱ्या सीटसाठी मदरबोर्डवरच्या लांब पीसीआय एक्स्प्रेस स्लॉटमध्ये एक साधं कार्ड बसवायचं. गेम खेळण्याचं महागडं कार्ड नको. वेगळी पॉवर केबल न मागणारं, स्लॉटमधूनच वीज घेणारं वापरलेलं कार्ड पुरतं. एएमडीची जुनी रेडिऑन कार्डं लिनक्स स्वतःहून ओळखतं, म्हणून मी तीच घ्यायला सांगतो. एनव्हिडियाची जुनी छोटी कार्डंही चालतात, पण त्यांतल्या जीटी ७१० सारख्या कार्डांचा कंपनीचा ड्रायव्हर ४७० मालिकेवर येऊन थांबला आहे. तिथे लिनक्समधल्या खुल्या ड्रायव्हरवरच भागवावं लागतं.

कार्ड घेण्याआधी दोन गोष्टी बघा. पहिली, सीपीयूचा डबा उंच आहे की आडवा-बारका. बारक्या डब्यात अर्ध्या उंचीचंच कार्ड बसतं आणि त्याची पत्रीही छोटी लागते. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. कार्ड बसवलं की पुष्कळ मदरबोर्ड आतलं ग्राफिक्स आपोआप बंद करतात. बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये जाऊन आतलं ग्राफिक्स चालूच ठेवण्याचा पर्याय शोधावा लागतो. बऱ्याच बोर्डांवर तो आयजीपीयू मल्टिमॉनिटर अशा नावाने असतो. काही ब्रँडेड ऑफिस मशीनमध्ये हा पर्यायच दिलेला नसतो. तेव्हा दुकानदाराकडून कार्ड तासाभरासाठी मागून घ्या, बसवा, दोन्हीकडे एकेक स्क्रीन जोडा, आणि दोन्ही स्क्रीन एकाच वेळी उजळले तरच पैसे द्या. ओळखीचा दुकानदार याला नाही म्हणत नाही.

लिनक्स म्हणून मी मिंटची एक्सएफसीई आवृत्ती सुचवतो. ती हलकी आहे, आणि तिच्यात लॉगिनचं काम लाइटडीएम करतं, जे एकाहून जास्त सीट नीट सांभाळतं. सीट वाटून देणारी आज्ञा म्हणजे लॉगिनसीटीएल, ती लिनक्समधल्या सिस्टीमडी या मूळ प्रोग्रॅमबरोबर आधीच आलेली असते, वेगळं काही टाकायला लागत नाही. तिला सीट-स्टेटस विचारलं की सीट-शून्यवर काय काय जोडलेलं आहे त्याचं अख्खं झाड दिसतं: दोन्ही ग्राफिक्स, कीबोर्ड, माउस, साउंड, यूएसबी हब (एका यूएसबी भोकाची अनेक भोकं करणारी डबी). त्यातलं नवीन कार्ड, त्या कार्डाचं एचडीएमआयचं साउंड आणि एक यूएसबी हब अशा तीन गोष्टी अटॅच म्हणून सीट-एकला द्यायच्या. दुसऱ्या स्क्रीनवर लगेच लॉगिनची चौकट येते. नाही आली तर एकदा रीस्टार्ट करा. हे वाटप फाइलमध्ये लिहिलं जातं, त्यामुळे रोज करायला लागत नाही. आणि काही बिघडलं तर फ्लश-डिव्हायसेस ही आज्ञा दिली की सगळं सामान परत सीट-शून्यवर येतं. म्हणून घाबरू नका, मुलीला करू द्या. ती हे एका दुपारी शिकेल, आणि तिच्या अभ्यासालाही त्याचा उपयोग होईल.

कीबोर्ड आणि माउस सुटे न वाटता हबच वाटायचा, याला कारण आहे. हब ज्या सीटचा, त्यात पुढे जे लावाल ते त्याच सीटचं होतं. मुलाने आपल्या हबला पेनड्राइव्ह लावला की तो त्याच्याच स्क्रीनवर उघडतो, बहिणीच्या प्रोजेक्टवर जाऊन पडत नाही. हेडफोनचंही तसंच. मदरबोर्डवरचं साउंडचं भोक सीट-शून्यचं राहतं, म्हणून दुसऱ्या सीटला यूएसबी हेडसेट घ्या. ऑनलाइन क्लास असेल तर दोघांनाही माइकचा हेडसेट लागतोच. एका खोलीत दोन स्पीकर आणि दोन माइक चालू राहिले की कुणालाच काही ऐकू येत नाही. कॅमेरे दोन असतील तर एकाच हबवर लावू नका. यूएसबी २.० च्या एका रस्त्यावरून दोन कॅमेऱ्यांचं चित्र बऱ्याचदा जात नाही आणि दुसरा कॅमेरा काळाच राहतो.

हे काही नवीन, कच्चं काम नाही. ब्राझीलच्या सरकारी शाळांत एका सीपीयूवर अनेक मुलं बसवण्याची पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. घरात ती फारशी दिसत नाही, कारण कुणी सांगितलेली नसते.

आता वेगाबद्दल. दोघं-तिघं एकदम बसल्यावर मशीन रडायला लागतं ते बहुतेक वेळा हार्डडिस्कमुळे. हार्डडिस्कमधली सुई एका वेळी एकाच ठिकाणी असते. एकाचा ब्राउझर, दुसऱ्याचा व्हिडिओ आणि तिसऱ्याची फाइल यांच्यामध्ये ती नुसती धावत राहते. एसएसडी, म्हणजे आत काहीही फिरत नसलेली डिस्क, घातली की हा त्रास संपतो. २५६ जीबीची पुरते. रॅम १६ जीबी करा. तुमच्या पिढीला बहुतेक डीडीआर-३ लागते, ती वापरलेली स्वस्तात मिळते. चार जीबीच्या पट्ट्या असतील तर दोन अजून लावता येतात का ते आधी स्लॉट मोजून बघा. १६ जीबीमध्ये मुलांना प्रत्येकी ५, तुम्हाला ३ आणि उरलेली मशीनला असा हिशेब मी धरतो. लिनक्समध्ये प्रत्येक खात्याला मेमरीची हद्द घालता येते, ती जरूर घाला. नाहीतर एकाने ब्राउझरमध्ये चाळीस टॅब उघडले की भोगावं लागतं दोघांना.

टॅलीचं बघू. टॅली विंडोजवरच चालते. लिनक्सच्या पोटात आभासी विंडोज टाकून ती चालवता येते, पण त्याने ३-४ जीबी रॅम जाते, परवान्याचा प्रश्न येतो आणि घरात बिघाडाची आणखी एक जागा तयार होते. मला ते पटत नाही. टॅलीला फार ताकद लागत नाही, तुमचा ४ जीबीचा लॅपटॉप तिला पुरेल. फक्त त्या लॅपटॉपवर विंडोज १० असेल तर तो इंटरनेटच्या कामाला वापरू नका, बँकेच्या कामाला तर अजिबात नाही. बँक, जीएसटी, कर्नाटक सरकारचं सेवा सिंधू पोर्टल, साड्यांच्या ऑर्डरींचं व्हॉट्सअ‍ॅप, हे सगळं मोठ्या सीपीयूवरच्या तुमच्या लिनक्स खात्यातून करा. त्यासाठी लिनक्सवर एक्सआरडीपी टाकायचं. मग लॅपटॉपच्या विंडोजमध्ये आधीपासून असलेला रिमोट डेस्कटॉप उघडला की तुमचं लिनक्सचं खातं एका खिडकीत दिसतं. त्या खिडकीत बँक, बाजूला टॅली. दोन्ही मुलं आपापल्या स्क्रीनवर असतात, त्यांना तुमचा पत्ताही लागत नाही. लॅपटॉप आणि सीपीयू दोन्ही राउटरला केबलने जोडा. वायफायवर अक्षरं उशिरा उमटतात आणि चिडचिड होते. व्हिडिओ मात्र या खिडकीत बघायचा नाही, तो तुटत येतो. आणि राउटरवर या कामाचं दार, पोर्ट ३३८९, बाहेरच्या जगाला उघडू नका. घरातल्या घरात हवं तेवढंच.

तुमच्या दप्तरात आणि मुलांच्या वह्यांत दोन लिप्या आहेत, त्याचीही सोय इथे चांगली होते. मुलाला शाळेत मराठी आणि कन्नड दोन्ही लागतं, पंचायतीचा अर्ज कन्नडमध्ये, व्यापाऱ्याला निरोप मराठीत. प्रत्येक खात्यात कीबोर्ड वेगळे ठेवता येतात. मुलाला इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांसाठीची ठरलेली कीबोर्ड मांडणी, शिकवा असं मी आग्रहाने सांगेन. त्यात ‘के’ या बटणावर मराठीचा क आहे आणि कन्नडचा कसुद्धा तिथेच आहे, ‘जे’ वर दोन्ही भाषांचा र आहे. एक बोटांची सवय दोन्ही भाषांना पुरते. आपल्या सीमाभागातल्या मुलांना याचा जेवढा फायदा आहे तेवढा दुसऱ्या कुणाला क्वचितच असेल. तुमचा हात नुडी या कन्नड टाइपिंगच्या सॉफ्टवेअरच्या कीबोर्डवर बसलेला असेल तर लिनक्समध्ये तीही मांडणी केजीपी या नावाने मिळते.

आता वीज. बेळगावात राहून हे न बोलता पुढे जाता येत नाही. एकावर तिघं बसले की करंट गेल्यावर तिघांचंही काम एकदम जातं. सीपीयू, दोन एलईडी स्क्रीन आणि लॅपटॉप मिळून साधारण १५० वॉट धरा. ६०० व्हीएचा यूपीएस हा भार उचलतो, पण त्याच्या आत १२ व्होल्ट ७ एएचची एकच बॅटरी असते. नवीन असताना दहा-पंधरा मिनिटं देते, पुढे कमी. ती फाइल जतन करून नीट बंद करण्यासाठीच समजायची. लॅपटॉपही यूपीएसवरच लावा. त्याची बॅटरी मेलेली आहे, म्हणजे करंट गेला की तोही क्षणात बंद, आणि व्हाउचर लिहिता लिहिता बंद पडलेल्या टॅलीचा डेटा खराब होण्याची भीती खरी असते. घरी मोठा इन्व्हर्टर असेल तर मागच्या बाजूला यूपीएस मोडचं बटण आहे का बघा. साध्या मोडवर इन्व्हर्टर पालटताना जेवढा वेळ घेतो तेवढ्यात काही सीपीयू रीस्टार्ट होतात.

मागाच्या लाइनवर कॉम्प्युटर लावू नका. मोटर सुरू होताना दाब खाली जातो आणि बंद होताना झटका येतो. सीपीयू, स्क्रीन आणि हब एकाच बोर्डावरून, एकाच अर्थिंगवर घ्या. एक स्क्रीन माडीवर, दुसरा खाली सोप्यात, आणि दोन्हींची वीज वेगळ्या फेजवरून, असं केलंत आणि अर्थिंग कच्चं असलं, तर एचडीएमआयच्या केबलमधूनच करंट फिरतो. डब्याला हात लावला की मुंग्या येतात आणि कधीतरी कार्डच जळतं. जुन्या घरांत वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घेणं हा या कामातला पहिला खर्च समजा. तसंही दोन सीट एकाच खोलीत असलेल्या बऱ्या. साध्या यूएसबी केबलची हद्द ५ मीटर आहे, त्यापुढे आत सर्किट असलेली महाग केबल लागते. आणि एप्रिल-मे मध्ये वळवाच्या ढगांचा आवाज सुरू झाला की यूपीएस बंद करून भिंतीतला प्लगच काढायचा. नुसतं बटण बंद करून वीज अडत नाही. टेलिफोनच्या तारेवरचं किंवा केबलचं इंटरनेट असेल तर ती तारही काढा.

घरात एक शिस्त मात्र लागेल. आपलं काम झालं म्हणून मुलाने सीपीयू बंद केला तर बहिणीचा प्रोग्रॅम अर्ध्यावर जातो. दुसरं कुणी लॉगिन असताना मशीन बंद करू द्यायचं की नाही याचा नियम लिनक्समध्ये पोलकिट ठरवतं. तो घट्ट करून घ्या, म्हणजे बंद करायला तुमचा पासवर्ड लागेल. डब्यावरच्या बटणाचं कामही सेटिंगमधून काढून टाकता येतं. बराच वेळ हात लावला नाही तर आपोआप झोपी जाण्याची सोय तिघांच्याही खात्यांत बंद ठेवा, कारण एकाची सीट रिकामी राहिली म्हणून अख्खं मशीन झोपायला नको. खाती तिघांची वेगळी आणि पासवर्डही वेगळे. मुलांना मशीनचे मुख्य अधिकार देऊ नका. मुलगी सेटिंग करणार असेल तर त्यासाठी वेगळं खातं ठेवा, ते रोजच्या वापराला नको.

या पद्धतीचा खरा तोटा सांगायलाच हवा. डबा बिघडला की दोन्ही मुलं एकदम थांबतात. म्हणून दर रविवारी तिघांच्या फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवा. टॅलीचा बॅकअप तर रोज, आणि तो लॅपटॉपवरच न ठेवता पेनड्राइव्हवर. आणि हा सगळा बदल दहावीच्या परीक्षेच्या तोंडावर करू नका. दसऱ्याची सुट्टी चांगली. लिनक्स टाकताना जुनी हार्डडिस्क केबल काढून बाजूला ठेवा आणि फक्त नवीन एसएसडीवर टाका. विंडोज, टॅली, फोटो सगळं त्या डिस्कवर जसंच्या तसं राहतं. आधी टॅलीचा डेटा लॅपटॉपवर नीट उघडतोय, मागच्या वर्षीची शिल्लक जुळतेय, हे तपासा आणि मगच मोठ्या सीपीयूला हात लावा. महिनाभरात काही जमलं नाही तर बायोसमध्ये आतलं ग्राफिक्स पूर्ववत करून कार्ड काढायचं, जुन्या डिस्कची केबल परत लावायची, आणि तुमचं कालचं मशीन तुम्हाला परत मिळतं. रॅम आणि एसएसडीचे पैसे तेव्हाही वाया जात नाहीत, ती त्याच डब्यात कामाला येतात.